फुकटचा गेम नक्की किती फुकट?

दवाखान्यात हा संवाद आता ठरून गेलाय. डोकं दुखतं, डोळे चुरचुरतात, सकाळी उठवत नाही, अशी तक्रार घेऊन आई-वडील मुलाला आणतात. मी विचारतो, "मोबाइलवर गेम खेळतो का?" लगेच उत्तर येतं, "खेळतो हो डॉक्टर, पण फुकटचा आहे. पैसे नाही भरत कधी."

पैसे गेले नाहीत म्हणजे काहीच गेलं नाही, असा यामागचा समज असतो. म्हणून आज औषधांऐवजी गेमच्या हिशेबावर लिहितो. हा हिशेब कळला की मोबाइल हातातून का सुटत नाही, तेही कळतं.

फुकट खेळणारे कंपनीला कशाला हवेत?

नवी मुंबईत तयार झालेला लुडो किंग बघा. २०१६ मध्ये आला आणि २०२० च्या टाळेबंदीत घराघरांत पोचला. खेळायला पैसे लागत नाहीत. कमाई जाहिरातींतून आणि गेममधल्या छोट्या खरेदीतून होते. अशा गेममध्ये पैसे भरणारे थोडे आणि न भरणारे खूप असतात.

आपल्या गड्ड्याच्या जत्रेत प्रत्येक जण काही पाळण्यात बसत नाही. पण नुसती फिरणारी गर्दी नसेल तर जत्रा भरल्यासारखी वाटेल का? गेममध्येही फुकट खेळणारे हीच गर्दी. ते जाहिराती बघतात, मित्रांना ओढून आणतात आणि पैसे भरणाऱ्याला खेळायला भिडू मिळवून देतात.

त्यामुळे बनवणाऱ्याला तराजू सांभाळावा लागतो. पैसेवाल्याला फार ताकद दिली तर बाकीचे कंटाळून निघून जातात, मग पैसेवाला हरवणार कोणाला? आणि सगळंच फुकट दिलं तर पैसे कोण भरेल? यातून विक्रीचे तीन प्रकार निघाले.

पहिला, शोभेची विक्री. बीजीएमआयमध्ये प्रामुख्याने कपडे आणि बंदुकीचं रंगरूप विकतात. बंदूक दिसते भारी, गोळी तेवढीच लागते.

दुसरा, वेळेची विक्री. कँडी क्रशमध्ये पाच जीव संपले की थांबावं लागतं. एक जीव परत यायला अर्धा तास, म्हणजे पाचही भरायला अडीच तास. क्लॅश ऑफ क्लॅन्समध्ये मोठी इमारत बांधायला दिवसच्या दिवस लागतात. थांबायचं नसेल तर पैसे मोजा.

तिसरा, नशिबाची विक्री. पैसे देऊन बंद पेटी उघडायची, आत काय निघेल माहीत नाही. बेल्जियमच्या जुगार नियंत्रण आयोगाने २०१८ मध्ये पैसे देऊन उघडायच्या अशा पेट्या जुगारात मोडतात, असं ठरवलं. कधी काय मिळेल याचा नेम नसला की माणूस जास्त चिकाटीने बटण दाबत राहतो. शास्त्रज्ञ स्किनर यांनी हेच कबुतरांवरच्या प्रयोगांत दाखवलं होतं. मेंदूतलं डोपामाइन बक्षिसापेक्षाही बक्षिसाच्या आशेवर जास्त नाचतं.

दोन भाऊ, एक गेम

माझ्याकडे येणाऱ्या दोन चुलत भावांची गोष्ट सांगतो (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). थोरल्याच्या वडिलांचं दुकान, धाकट्याचे वडील पॉवरलूमवर कामाला. दोघं एकच गेम खेळायचे.

धाकटा डोकेदुखीसाठी आला. रक्तदाब ठीक, चष्म्याचा नंबर नाही. झोप किती, तर जेमतेम पाच तास. वयाच्या मानाने त्याला आठ ते दहा तास हवी. का जागतोस, म्हटल्यावर तो सरळ म्हणाला, "दादा पैसे भरतो. मला तेवढंच मिळवायला रात्री खेळावं लागतं."

वडील म्हणाले, "माझा एक रुपया नाही गेला, डॉक्टर." खरं होतं. त्यांच्या मुलाने रुपयांऐवजी झोप भरली होती.

थोरला दोन महिन्यांनी आला, अंगठ्याच्या मुळाशी दुखतं म्हणून. त्याला थांबावंच लागत नव्हतं. वाट बघायची वेळ आली की वडिलांच्या मोबाइलवरून खरेदी. डॉक्टर म्हणून मला त्या सक्तीच्या थांबण्याचं कौतुक वाटतं. डोळ्यांना, मानेला, अंगठ्याला तेवढीच विश्रांती. पैसे भरून तो नेमकी तीच विश्रांती काढून टाकत होता.

दोघांनाही गेम बंद करायला सांगितलं नाही. रात्री साडेदहाला मोबाइल आई-वडिलांच्या खोलीत, एवढंच ठरलं. धाकट्याची डोकेदुखी तीन आठवड्यांत बरीच उतरली. थोरल्याला मात्र जड गेलं. पहिले काही दिवस चिडचिड झाली, जेवणावरून भांडणं झाली.

याला आजार कधी म्हणायचं?

रोज तासभर खेळणं म्हणजे आजार नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत, आयसीडी-११ मध्ये, 'गेमिंग डिसऑर्डर' आहे. ही यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात तीन गोष्टी बघतात: खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्याआधी गेम येतो आणि नुकसान दिसत असूनही खेळणं सुरू राहतं किंवा वाढतं. हे साधारण वर्षभर चाललेलं असावं आणि त्यामुळे शाळा, काम, घर यांत ठळक बिघाड झालेला असावा. लक्षणं तीव्र असतील तर वर्षभर थांबायची गरज नाही. या व्याख्येत पैसे भरले की नाही, हा प्रश्नच नाही, हे लक्षात घ्या.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. पण हिरे, नाणी, कपडे विकणारे नेहमीचे गेम यात येत नाहीत. बीजीएमआय मे २०२३ मध्ये परतला तेव्हा अठराखालच्यांना दिवसाला तीन तासांची मर्यादा होती. शाळा, शिकवणी आणि झोप धरली तर तीन तास उरतात कुठे? मर्यादा घरातच ठरवावी लागते.

घरी काय कराल?

- "पैसे भरलेस का?" याबरोबरच "किती वाजेपर्यंत जागलास?" हेही विचारा.
- सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप हवी. आधी झोप मोजून काढा, मग गेमचा वेळ ठरवा.
- चालू डाव अर्ध्यात तोडायला लावू नका. "हा डाव संपला की बंद," असं आधीच ठरवा. भांडणं निम्मी होतात.
- प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावा. यूपीआयचा पिन मुलांना सांगू नका, ऑटोपे चालू आहे का तेही तपासा.
- पैसे गेल्याचं कळलं तर आधी मारहाण नको. मूल पुढच्या वेळी लपवेल. शांतपणे सोबत बसून व्यवहार तपासा.
- झोप उडाली, शाळा बुडू लागली, मोबाइल काढला की आदळआपट होते, असं असेल तर डॉक्टरांना भेटा. सरकारच्या टेलिमानस या सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

आणि एक विनंती मोठ्यांना. दुपारी काउंटरवर, रात्री अंथरुणात कँडी क्रश खेळणारे माझे पन्नाशीतले पेशंटही कमी नाहीत. साडेदहाचा नियम लावणार असाल, तर आपलाही मोबाइल त्याच वेळी चार्जिंगला लावा.