निलंबन

पालघरहून बोईसर रेल्वेने दुसरेच स्थानक. मध्ये काय ती उमरोळी. असे असूनही इतकी वर्षे मराठी शिकवताना आम्हा दोघांना तारापूरच्या औद्योगिक वसाहतीची ओळख होती ती वाऱ्यावर येणाऱ्या वासापुरती आणि रात्रपाळी करून सकाळच्या तासाला पेंगणाऱ्या मुलांपुरती. त्यांतलाच एक पुढे तिथल्या एका लहान कारखान्यात सुपरवायझर झाला. एके दिवशी तो चार इंग्रजी पाने घेऊन आला. "सर, मॅडम, एवढे मराठीत करून द्या. माझ्या पाळीतल्या माणसांना इंग्रजी येत नाही."

पानांत प्लास्टिकचे मणी घडवण्याची कृती होती. स्टायरिन पाण्यात विरघळत नाही. पाण्यात घालून ढवळत राहिले की त्याचे थेंब होतात. तापवल्यावर बेंझॉइल पेरॉक्साइडमुळे थेंबातल्या थेंबात रेणूला रेणू जोडला जातो आणि थेंबाचा टणक मणी बनतो. अडचण असते मधल्या अवस्थेत. तेव्हा थेंब धड द्रव नसतो, धड घन नसतो. मधासारखा चिकट झालेला असतो आणि शेजाऱ्याला भिडला की त्याचाच होतो. म्हणून पाण्यात आधीच पॉलिव्हिनाइल अल्कोहोल विरघळवतात, किंवा ट्रायकॅल्शियम फॉस्फेटची बारीक भुकटी घालतात. थेंबाभोवती तिचे पातळ आवरण बसते आणि थेंब एकमेकांना चिकटत नाहीत. हाच स्टॅबिलायझर. प्रमाण बहुधा पाण्याच्या शेकडा एकाहूनही कमी. पण थर्माकोलचे दाणे काय, पाणी शुद्ध करणाऱ्या राळेचे मणी काय, या रीतीने करायचे तर सारी भिस्त त्याच्यावर.

आम्ही हरखून गेलो. परिभाषाकोश काढले. सस्पेन्शनला 'निलंबन', स्टॅबिलायझरला 'स्थिरक', आणि एका वाक्याचा तर आम्हांला विशेष अभिमान वाटला: 'स्थिरकाचे शीत जलात परिक्षेपण करून तदनंतर तापन करावे.' कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून भिंतीवर लागला. पहिल्याच दिवशी एका मदतनिसाने मथळा वाचून विचारले म्हणे, "निलंबन? कुणाला काढले?" हे ऐकून आम्ही मनमुराद हसलो होतो.

दोनेक महिन्यांनी त्याच मदतनिसाने घाईत ती पावडर थेट गरम पाण्यात ओतली. वरून भिजलेल्या, आतून कोरड्या अशा गुठळ्या झाल्या. पाण्यात उतरायचा तेवढा स्टॅबिलायझर उतरलाच नाही. चिकट अवस्थेत थेंब एकमेकांत मिसळत गेले, ढवळणी अडकली आणि भांड्यात मण्यांऐवजी एक अखंड धोंडा तयार झाला. कुणाला इजा झाली नाही, हे नशीब. धोंडा छिन्नी-हातोड्याने फोडून काढावा लागला. मदतनीस कंत्राटी होता. कंत्राटी माणसाचे निलंबन होत नाही, त्याला 'उद्यापासून येऊ नको' एवढेच सांगतात.

आमचा विद्यार्थी हे सांगायला आला तेव्हा त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तो इतकेच म्हणाला, "एरवी मी नव्या माणसाला तोंडी सांगतो. या वेळी कागद लावला होता, म्हणून सांगितले नाही."

वाचकहो, वीस वर्षे प्रमाणभाषेची थोरवी शिकवणाऱ्यांना याहून कठोर समीक्षा कुणी ऐकवली नव्हती. दोष कोशांचा नव्हे. ते शब्द शास्त्राच्या पुस्तकासाठी घडवलेले आहेत. आम्ही ते कुणाच्या हाती देतो आहोत, हे आम्ही पाहिले नाही. 'शीत जल' लिहिताना आमच्या डोळ्यांसमोर वाचक नव्हताच, आम्हीच होतो.

पुढच्या रविवारी आम्ही बोईसरला गेलो आणि त्या पाळीतल्या माणसांसह चहाच्या टपरीवर बसून कागद नव्याने लिहिला. तोडगा त्यांच्यातल्याच एकाने काढला: "पिठल्याचे पीठ कालवतो ना, तसे." मग लिहिले, 'आधी गार पाणी. त्यात पावडर थोडी थोडी भुरभुरत ढवळा. गुठळी राहू देऊ नका. मगच तापवा.' उत्तर भारतातून आलेल्यांसाठी त्याखाली तेच हिंदीत.

हा कागद आज आम्ही वर्गात व्यावहारिक मराठी शिकवताना जुन्या कागदाशेजारी ठेवतो. मुले जुन्यावर हसतात. मदतनिसाची चौकशी आम्ही केली. तो जव्हारकडे गावी परतला, एवढेच कळले. ते मात्र वर्गात सांगायचे आम्हांला अजून जमलेले नाही.