बेटावरची भातुकली



मी बी.कॉम.ला असताना, १९८० साली, ‘द ब्लू लगून’ नावाचा इंग्रजी चित्रपट आला. कॉलेजातल्या मुली त्याचं नावसुद्धा कुजबुजत घ्यायच्या. आमच्या घरी तो बघायला जाण्याचा प्रश्नच नव्हता. ज्या कादंबरीवर तो बेतला आहे, ती मात्र मी यंदा वाचली, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी. “चातुर्मासात प्रेमकथा?” ह्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं. म्हटलं, “दुपारचं सामायिक झाल्यावर वाचते. तुमच्या क्रिकेटपेक्षा कमीच कर्मबंध होतील!”

हेन्री डी व्हिअर स्टॅकपूल या आयरिश लेखकाची ही कादंबरी १९०८ साली आली. हे गृहस्थ मूळचे डॉक्टर. जहाजावरही त्यांनी डॉक्टरकी केली होती, म्हणून समुद्र त्यांना चांगला ठाऊक. गोष्ट अशी : आर्थर लेस्ट्रेंज, त्यांचा मुलगा डिक आणि अनाथ पुतणी एमेलिन जहाजाने निघालेले असतात. पॅसिफिक महासागरात जहाजाला आग लागते. धुक्यात होड्यांची ताटातूट होते. आठेक वर्षांची ही दोन मुलं आणि पॅडी बटन नावाचा म्हातारा खलाशी एका निर्मनुष्य बेटाला लागतात. पॅडी जीव लावणारा, पण दारूच्या पिंपापुढे त्याचं काही चालत नाही, आणि त्यातच तो जातो. (सप्तव्यसनांत मद्य का मोजलंय, ते इथे वेगळं सांगायला नको.) मग दोघंच उरतात, मोठी होतात, प्रेमात पडतात, त्यांना मूल होतं. चुलत भावंडांचं हे असं नातं आपल्याला खटकतंच. मलाही खटकलं. पण त्यांना नाती शिकवायला तिथे होतं कोण?

खाण्याच्या पानांवर माझी जरा पंचाईत झाली. मासे पकडण्याची वर्णनं मी भराभर उलटली. नारळ, केळी आणि नीरफणस आले की जीव भांड्यात पडायचा. कोकणात ज्याच्या फोडींचे काप करतात, तोच हा नीरफणस. तिकडच्या बेटांवर तेच पोटाला आधार देणारं अन्न. दुसरा आधार कंदमुळांचा, म्हणजे आपल्याला तिथे अर्धं ताटच मिळालं असतं!

खाडीचं निळंशार पाणी, प्रवाळाच्या कड्यावर फुटणाऱ्या लाटांचा अखंड आवाज, हे सगळं लेखकाने फार सुंदर लिहिलंय. वाचताना वाटतं, खरंच, दोन माणसांना आणखी काय हवं? पण मी पडले कॉमर्सची. १७१९ सालच्या ‘रॉबिन्सन क्रूसो’मधला क्रूसो बेटावर बसून खतावणीसारखे दोन रकाने पाडतो, एकीकडे वाईट काय झालं, दुसरीकडे चांगलं काय. या पुस्तकात हिशेब लिहायला कुणी नाही, म्हणून तो मीच मांडून पाहिला.

ती दोघं निसर्गाच्या जिवावर जगली असं म्हणतात. पण जमेच्या बाजूला काय काय निघालं बघा. होडी कुणा सुताराने बांधलेली. झोपडी कशी उभारायची, मासा कसा धरायचा, कुठलं फळ विषारी, हे सगळं पॅडीने शिकवलेलं. एकमेकांशी बोलायची भाषा घरून आलेली. आणि एमेलिनचा एक डबा. त्यात तिचा खेळण्यातला कपबशांचा संच आहे, म्हणजे आपली भातुकलीच. जहाजाला आग लागली तरी ही पोर तो डबा सोडत नाही. म्हणजे दोघंच होती हे खरं, पण ती जगली अनेकांच्या पुंजीवर. जीव एकमेकांच्या उपकारावर जगतात, असं तत्त्वार्थसूत्रात सांगितलंय. निर्मनुष्य बेटावरही ते सुटलेलं नाही.

आणि मग बाळंतपणाचा प्रसंग येतो. एमेलिनला काय होतंय हे तिला कळत नाही, त्यालाही कळत नाही. ती एकटीच रानात जाते आणि बाळ घेऊन परत येते. म्हणते, रानात सापडलं! लेखकाला यात निरागसपणा दिसला असेल. मी मात्र पुस्तक मिटून बसले.

माझ्या लेकीचं पहिलं बाळंतपण मे २०२० मधलं, टोरांटोत. माझं तिकीट एप्रिलचं होतं. मार्चमध्ये विमानं बंद झाली. डिंक, आळीव, सुंठ भरलेली बॅग तशीच कपाटाशेजारी उभी राहिली. तिथे ते दोघंच. हॉस्पिटल उत्तम, जावई हौशी, तरी लेक फोनवर एकदा म्हणाली, “आई, सगळं आहे गं, पण कोणीच नाही.” डिंक किती फुलू द्यायचा, बाळाला मालिश करताना मान कशी धरायची, हे मी रात्र रात्र व्हिडिओवर दाखवत होते. मला माझ्या वेळी हे सांगायला आई, मोठी काकू, शेजारच्या वहिनी, एवढ्या बायका होत्या. तेव्हा त्यांचा कंटाळासुद्धा यायचा! एमेलिनजवळ फोनही नव्हता. प्रेमकथेच्या त्या पानावर मला एक आईविना पोर दिसली.

आपल्या आगमातही बेटावर अडकलेल्यांची एक गोष्ट आहे, ज्ञाताधर्मकथेतली. चंपानगरीच्या माकंदी सार्थवाहाचे दोन मुलगे, जिनपालित आणि जिनरक्षित, आईवडील नको म्हणत असताना बाराव्यांदा समुद्रावर जातात. जहाज फुटतं, फळीच्या आधाराने ते रत्नद्वीपाला लागतात. तिथली देवी त्यांना सगळी सुखं देते, पण त्या सुखामागे मरण दडलेलं असतं. सुटकेची वेळ येते तेव्हा शैलक यक्ष त्यांना पाठीवर घेतो. अट एकच, देवीच्या आर्जवांनी विरघळायचं नाही. जिनरक्षित मोहाने मागे बघतो आणि प्राणाला मुकतो. जिनपालित घरी पोचतो. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मी देवीला घाबरायचे. आता मला त्या घराचं दार दिसतं, आणि दोन मुलांच्या जागी एकटाच परत आलेला मुलगा.

म्हणूनच ‘द ब्लू लगून’मध्ये मला सगळ्यात जवळचा वाटला तो डिकचा बाप, आर्थर लेस्ट्रेंज. वर्षं उलटतात, लोक त्याला वेडा ठरवतात, तरी हा माणूस मुलांच्या नावाचं खातं बंद करत नाही. बक्षीस जाहीर करतो, चौकशा करत राहतो. शेवटी धागा मिळतो तो कशाने? बेटावर मागे राहिलेला तो कपबशांचा डबा एका कप्तानाच्या हाती लागतो, आणि लेस्ट्रेंज तो ओळखतो. लगेच जहाज घेऊन निघतो. पुढे त्याला काय सापडतं, ते सांगत नाही. ज्यांना वाचायचंय त्यांची मजा जाईल.

पुस्तक संपल्यावर मी माळ्यावरचा पत्र्याचा डबा काढला. पितळेची भातुकली, माझ्या आईने मला दिलेली, मग लेकीने खेळलेली. चूल, पोळपाट-लाटणं, जातं, बंब, सगळं शाबूत. चिंचेने घासलं तर लख्ख निघालं. नात आता शाळेत जाते, तिला मराठी निम्मं कळतं. पुढच्या महिन्यात कुणी ओळखीचं टोरांटोला निघालंय, त्यांच्याबरोबर पाठवतेय. वजन दीड किलो भरलं. ते म्हणाले, “काकू, एवढं पितळ कशाला?” मी त्यांना हातावर चिवड्याची पिशवी ठेवून गप्प केलं.

तुमच्या माहेरच्या भातुकलीत काय काय होतं? आणि ती आता कुणाकडे आहे?