वरचा थर

वेल्ह्याकडचा इंद्रायणी आणि आंबेमोहर भोरच्या आमच्या दुकानात येऊ लागला की बापूजी पोत्यात कोपरापर्यंत हात घालीत. वरच्या थरावरून त्यांनी तांदूळ कधी पारखला नाही. तळातील मूठ काढून वास घेत, एक दाणा दाताखाली फोडीत आणि मगच भाव बोलत. त्यांच्या हाताखाली वाढलेला मी, पन्नाशी उलटल्यावर, मोबाइलवर हळदीचा वायदा केला तो मात्र वरचा थर पाहून.

ॲप एका परिचिताने सुचविले होते. दहा मिनिटांत खाते उघडले. पॅनकार्डसुद्धा मागितले नाही, याचे तेव्हा कौतुकच वाटले. भरलेल्या ४०,००० रुपयांचे पडद्यावर ६०,००० झाले. रक्कम काढावयास गेलो, तर आधी ‘कर’ म्हणून आणखी १२,००० मागण्यात आले. धाकट्याने एवढेच विचारले, “पप्पा, सौद्याची कॉन्ट्रॅक्ट नोट कुठे आहे?” ती नव्हतीच. माझा एकही सौदा एक्स्चेंजपर्यंत पोहोचलेला नव्हता. अशा बाहेरच्या व्यवहाराला बाजारात डब्बा म्हणतात. आमचा तर डब्बाही रिकामा निघाला. पैसे गेले त्यापेक्षा ते घरात सांगणे जड गेले.

पुढच्या वेळी ॲप निवडताना धाकट्याला शेजारी बसविले. २८ सप्टेंबर २०१५ रोजी वायदा बाजार आयोग सेबीत विलीन झाला; तेव्हापासून कमोडिटीचे दलालही सेबीच्या देखरेखीखाली आहेत. म्हणून दलालाचा नोंदणी क्रमांक त्याच्या जाहिरातीत न वाचता सेबीच्या संकेतस्थळावर शोधला आणि तो एमसीएक्स किंवा एनसीडीईएक्सचा सदस्य आहे का, हे त्या एक्स्चेंजकडून ताडून पाहिले. या खऱ्या दलालाने पॅन, बँकेचा तपशील आणि वायद्यासाठी उत्पन्नाचा पुरावाही मागितला. मागच्या वेळी जी सोय वाटली होती, तिचा अर्थ तेव्हा उमगला. दलाली कोणाची किती, हा हिशेब आम्ही सर्वांत शेवटी केला.

सौद्याच्या अटी ठळक दाखविणारे ॲप मी पसंत केले. एनसीडीईएक्सवर हळदीचा एक लॉट ५ टनांचा, म्हणजे ५० क्विंटलांचा. क्विंटलमागे १०० रुपये भाव हलला की एका लॉटवर ५,००० रुपयांचा फरक पडतो. हातात केवळ मार्जिन भरलेले असते, त्यामुळे नवख्याला हे जाणवत नाही. शिवाय मुदत संपेपर्यंत सौदा उभा ठेवला तर डिलिव्हरी घ्यावी लागते. भोरच्या दुकानदाराने निजामाबादेस ५ टन हळद घेऊन करावे काय?

आपल्याला कळतो तो भाताचा व्यापार. पण बिगर-बासमती भाताचे वायदे सेबीने डिसेंबर २०२१ मध्ये गहू, हरभरा, सोयाबीन आदींसह थांबविले. म्हणजे जे ओळखीचे ते पडद्यावर नाही, आणि पडद्यावर आहे ते नव्याने शिकावे लागणार.

खाते उघडून तीन महिने झाले. धाकटा रोज संध्याकाळी हळदीचा भाव वहीत लिहितो. सौदा अजून एकही केलेला नाही.