न घडलेल्या गोष्टीचा शोध

संगणकांच्या देखभालीचे काम ज्यांच्या वाट्याला आले आहे, त्यांच्याशी बहुतेक बिघाड आपण होऊन बोलतात: पडद्यावर सूचना उमटते, लॉगमध्ये नोंद पडते, एखादी सर्व्हिस बंद पडल्याची वर्दी मिळते. परंतु जी गोष्ट घडावयास हवी होती आणि घडलीच नाही, तिची नोंद कोणत्याही दप्तरात सापडत नाही. आणि या विद्येची खरी कसोटी मला अशाच ठिकाणी लागताना दिसते. निल्फ्स-२ या फाइल सिस्टिमचा सफाईचा डीमन बूटच्या वेळी सुरूच होत नाही, हा प्रश्न मी या जातीचा आदर्श नमुना मानतो.

निल्फ्स ही जपानमधील एनटीटी या दूरसंचार कंपनीची निर्मिती, आणि जून २००९ मध्ये लिनक्स कर्नलच्या २.६.३० या आवृत्तीत तिच्या दुसऱ्या अवताराला स्थान मिळाले. तिच्या मुळाशी असलेले तत्त्व त्याहून जुने आहे. मेमरी वाढत जाईल तसतशी वाचनाची पुष्कळशी गरज तीच भागवील आणि डिस्कवर मुख्यतः लेखनाचा भार उरेल, म्हणून लेखन जागोजाग न विखुरता सलग करीत जावे, असे प्रतिपादन मेंडेल रोझेनब्लम आणि जॉन आउस्टरहाउट यांनी १९९१ साली बर्कले येथील आपल्या संशोधनातून केले. पेढीवरचा जुना मुनीम रोजकीर्दीतली मागची नोंद कधी खोडीत नाही, दुरुस्ती करावयाची झाल्यास आजच्या तारखेस नवी नोंद घालतो, तसाच या फाइल सिस्टिमचा व्यवहार आहे: फाइल बदलली तरी नवी नोंद, पुसली तरी नवीच नोंद. त्यामुळे मागच्या अवस्था चेकपॉइंटच्या रूपाने काही काळ शाबूत राहतात, आणि वीज अकस्मात गेली तरी शेवटच्या पूर्ण नोंदीपासून कारभार पुढे चालू होतो.

डिस्क मात्र अमर्याद नसते. म्हणून निल्फ्स-क्लीनरडी नावाच्या डीमनकडे सफाईची कामगिरी सोपविलेली आहे. डिस्कचे सामान्यतः आठ-आठ मेगाबाइटचे सेगमेंट पाडलेले असतात. त्यांतील सर्वांत जुने निवडून, त्यांत अद्याप उपयोगी असलेले ब्लॉक या सलग नोंदींच्या टोकाशी नव्याने लिहून, तो ते सेगमेंट मोकळे करतो. स्नॅपशॉट म्हणून राखलेल्या चेकपॉइंटना तो हात लावीत नाही, आणि इतरांनाही मूळ तजविजीप्रमाणे ३६०० सेकंदांची मुदत देतो.

हा डीमन गैरहजर असला म्हणजे जे लक्षण दिसते ते फसवे असते. डिस्क भरत जाते, फाइली पुसल्या तरी जागा परत मिळत नाही, आणि पाहणाऱ्याला वाटते की डिस्कच अपुरी आहे किंवा फाइल सिस्टिमच सदोष आहे. त्यात आणखी एक अडचण अशी की निकोप क्लीनरडीसुद्धा मोकळ्या सेगमेंटांचे प्रमाण १० टक्क्यांच्या खाली उतरेपर्यंत सफाईला आरंभ करीत नाही आणि ते २० टक्क्यांवर गेले की थांबतो. म्हणजे स्वस्थ बसलेला सेवक आणि मुळात कामावर न आलेला सेवक हे दोघेही दीर्घकाळ अगदी सारखेच दिसतात. म्हणून तो काय करतो आहे हे आधी विचारू नये. तो आहे काय, हे विचारावे. प्रक्रियांच्या यादीत त्याचे नाव शोधावे, आणि ते कोणत्या विभाजनाच्या वतीने आहे याची खातरजमा करावी.

माझ्या देखरेखीखालील एका यंत्रावर रूट आणि विदा ही दोन्ही विभाजने निल्फ्सचीच होती. विदेच्या विभाजनाचा क्लीनरडी हजर होता, रूटचा नव्हता. दोन्हींचा कर्नल एक, साधने एक, सेटिंगची फाइल एक. भेद होता तो केवळ माउंट होण्याच्या वेळेत, आणि कारणही तेथेच होते. हा डीमन कर्नल सुरू करीत नाही. माउंट करणाऱ्या आज्ञेने निल्फ्ससाठी असलेल्या खास साहाय्यक प्रोग्रामला पाचारण केले, तरच तो प्रोग्राम माउंट झाल्यावर डीमनला कामावर घेतो. रूट विभाजन मात्र बूटच्या पहिल्या घटकेत, मेमरीतल्या तात्पुरत्या इनिट्रॅमएफएसमधून माउंट होते. तेथे तो साहाय्यक नव्हता. फाइल सिस्टिम यथास्थित माउंट झाली, कोणतीही आज्ञा अयशस्वी ठरली नाही, आणि ज्याची कोणी मागणीच केली नव्हती तो डीमन आला नाही, याची तक्रार करण्यास कोणीही उरले नाही.

उपाय साधा होता. खरे रूट लिहिण्यायोग्य होऊन बूट स्थिरावल्यानंतर क्लीनरडीला सुरू करणारी स्वतंत्र सिस्टमडी सर्व्हिस लिहावी. डीमनला अग्रभागीच चालण्याचा पर्याय द्यावा, म्हणजे त्याच्या जिवंतपणावर सिस्टमडीची नजर राहते आणि तो पडल्यास पुन्हा उभा करता येतो. आणि एकाच विभाजनावर दोन क्लीनरडी नेमले जाणार नाहीत याचा बंदोबस्त करावा. त्यानंतर त्याची परीक्षा घ्यावी. सफाईच्या आरंभाची आणि अखेरीची अशा दोन्ही मर्यादा तात्पुरत्या वाढवून त्याला सेटिंग पुन्हा वाचावयास लावावे, एलएसएसयू या आज्ञेने सेगमेंट खरोखर मोकळे होत आहेत हे प्रत्यक्ष पाहावे, मर्यादा पूर्ववत कराव्यात, आणि यंत्र पुन्हा बूट करून हजेरी घ्यावी.

या सर्व प्रकरणात कोणताही प्रोग्राम चुकीचा वागलेला नव्हता, हे मला फार महत्त्वाचे वाटते. इनिट्रॅमएफएसचे कर्तव्य रूट माउंट करून ताबा पुढे सुपूर्द करण्याचे, ते त्याने केले. साहाय्यकाचे कर्तव्य बोलाविल्यावर येण्याचे, त्याला कोणी बोलाविलेच नाही. दोन निर्दोष कर्तव्यांच्या सीमेवर तिसरे एक कर्तव्य निराधार राहिले. अशा कर्तव्यांचा शोध केवळ लॉग वाचून लागत नाही. बूटचा संपूर्ण क्रम मनात मांडून, प्रत्येक पायरीला कोणी कोणाला काय करावयास सांगितले हे तपासीत जावे लागते. म्हणून यंत्र ताब्यात घेताना चालू सर्व्हिसांच्या यादीवर समाधान न मानता, ज्या असावयासच हव्यात त्यांची यादी आपल्या हाताने लिहावी आणि प्रत्येक बूटनंतर तिच्याशी ताळा घ्यावा. ज्याची अपेक्षा कोठेतरी लिहून ठेवलेली आहे, त्याचीच अनुपस्थिती दोष म्हणून नोंदविता येते.