ताईची नळी निघेल तेव्हा

चि. मेधास,


ताईचं पिशवीचं ऑपरेशन नीट झालं हे कळलं आणि जीव भांड्यात पडला. उद्या लघवीची नळी काढणार म्हणालीस, म्हणून लिहिते. वॉर्डात जन्म गेला माझा. ताई तुला यातलं काही तोंडाने सांगायची नाही.

नळी काढली की लघवी आपसूक होईल, असं सगळे धरून चालतात. पण मूत्राशय गर्भपिशवीला अगदी खेटून असतं, ते सोडवूनच पिशवी काढावी लागते. ताईचं तर अंग बाहेर येत होतं, त्यामुळे टाकेही मूत्राशयाच्या जवळच. सूज, दुखणं, वेदनाशामक औषधं, बद्धकोष्ठ, कशानेही लघवी अडते. त्यात लाज. पडद्याआड बेडपॅनवर निजलेली बाई आणि बाहेरून कुणीतरी विचारतंय, "झाली का?" कशी होईल?

तेव्हा आधी भेटायला आलेल्यांना बाहेर काढ. सिस्टरना विचारून ताईला हाताला धरून कमोडवर बसव, उकिडवं नको. पावलं जमिनीला पूर्ण टेकलेली, कोपरं मांडीवर, जराशी पुढे वाकलेली. नळ सोडून ठेव आणि तू दाराबाहेर थांब. तिला कुंथू देऊ नकोस. झाल्यावर उठून, दोन पावलं चालून तिने पुन्हा बसावं. उरलेली बऱ्याचदा तेव्हा होते. दुखत असेल तर गोळी मागून घे, अंगावर काढायचं नाही. सारखं जावं लागेल म्हणून ती पाणी तोडेल, तेही चालायचं नाही आणि तांब्यावर तांब्या रिचवणंही नको.

लघवी मापाच्या भांड्यात धरा. मागे किती उरली ते सोनोग्राफीत दिसतं. साधारण १०० ते १५० मिलीच्या आत असेल तर बहुतेक डॉक्टर निश्चिंत असतात. थेंब थेंब होतेय आणि ओटीपोट टणक लागतंय, तर "होतेय की" म्हणून गप्प बसू नका. ते भरून वाहणं असतं. मूत्राशय ६०० मिलीच्या पुढे ताणलं गेलं, की सैल पडलेल्या इलॅस्टिकसारखं काही दिवस नीट आवळेनासं होऊ शकतं.

पुन्हा नळी घालावी लागली तरी ताईला रडू देऊ नकोस. बहुतेकींची काही दिवसांत निघते.

मात्र नळी काढल्यावर चार ते सहा तासांत लघवी झाली नाही, तर रात्र असो की पहाट, सिस्टरना बोलाव. संकोच करू नकोस.

तुझी,
मावशी