दंडावरची साखर

दंडाच्या मागच्या बाजूला दहा रुपयांच्या नाण्याहून थोडी मोठी चकती चिकटवून वावरणे मला आता अंगवळणी पडले आहे. लावताना खट् असा आवाज होतो, सुई आत जाऊन लगेच मागे येते आणि कातडीखाली केसासारखा एक तंतू उरतो. त्यावरच्या विकराची ग्लुकोजशी गाठ पडली की विजेचा अगदी सूक्ष्म प्रवाह निर्माण होतो आणि त्याचा आकडा होऊन मोबाइलवर उमटतो. दर काही मिनिटांनी, 14 दिवस, रात्रंदिवस. मी टाइप 2 मधुमेहाची, गोळ्या घेणारी, इन्सुलिन न लागणारी रुग्ण आहे. हा सेन्सर मी अधूनमधून लावते, आणि माझ्यासारखीने तो अधूनमधूनच लावावा, असे माझे ठाम मत आहे. कायम लावण्याची गरज ज्यांना आहे, ती माणसे वेगळी आहेत. आज जाहिराती मात्र नेमक्या त्यांना सोडून बाकी सगळ्यांना उद्देशून होताना दिसतात.

सेन्सर शिकवतो खूप, हे आधी कबूल केले पाहिजे. एचबीए1सी ही चाचणी साधारण दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. पण दिवसभर स्थिर राहणारी साखर आणि सकाळी खड्ड्यात, दुपारी शिखरावर असणारी साखर यांची सरासरी एकच निघू शकते. आलेखात हा फरक डोळ्यांना दिसतो. बशीभर कांदेपोह्यांनी रेघ कशी चढते, त्याच पोह्यांबरोबर वाटीभर मटकीची उसळ असली तर तो चढ कसा बोथट होतो, जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटे चालले की शिखर किती खाली येते, हे कोणत्याही आहारतक्त्यापेक्षा लवकर पटते. पण आपल्या घरात फिरूनफिरून होणारे पदार्थ असतात किती? पंधरा, फार तर वीस. एक-दोन सेन्सरांत तो धडा संपतो. तिसऱ्यापासून पुढे आपण त्याच त्या उत्तराचे पुन्हा पुन्हा पैसे मोजतो.

इन्सुलिन घेणाऱ्यांचे गणित निराळे. त्यांना डोस रोज ठरवावा लागतो आणि चुकला तर साखर जिवावर बेतेल इतकी खाली जाऊ शकते. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या ‘डायमंड’ चाचणीत दिवसातून अनेकदा इन्सुलिन टोचून घेणाऱ्या टाइप 1 च्या प्रौढांमध्ये 24 आठवड्यांत एचबीए1सी सेन्सरवाल्या गटात सुमारे 1 टक्का-अंशाने उतरले, बोटाला टोचून तपासणाऱ्यांत 0.4 ने. त्याच्या आदल्या वर्षीच्या ‘इम्पॅक्ट’ चाचणीत साखर धोक्याच्या पातळीखाली राहण्याचा वेळ 38 टक्क्यांनी घटला. नुसत्या गोळ्यांवर असणाऱ्यांच्या बाबतीत इतका भक्कम पुरावा नाही.

यावर हमखास येणारा आक्षेप असा, की माहिती जास्त मिळाल्याने नुकसान काय? नुकसान असे, की हा आकडा रक्तातला नसतो, पेशींभोवतीच्या द्रवातला असतो आणि रक्ताच्या पाच-पंधरा मिनिटे मागे चालतो. सेन्सर असलेल्या कुशीवर झोपले की दाबामुळे साखर खोटीच खाली गेलेली दिसते आणि मध्यरात्री गजर होतो. मधुमेह नसलेल्या माणसाचीही साखर जेवणानंतर वर जाते आणि उतरते, ते शरीराचे नेहमीचे काम आहे. ते रोज पाहणारा माणूस आधी भात सोडतो, मग केळी, मग आंबा. उलट तुपात परतलेले मटण खाल्ले तर रेघ सपाट राहते. हृदयाच्या रक्तवाहिन्यांचे त्यावर काय म्हणणे आहे, ते सेन्सरला विचारून उपयोग नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. भारतीय माणूस दिसायला सडसडीत असला तरी आतून चरबी बाळगून असतो, हे पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी जगापुढे मांडले. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडिअ‍ॅब पाहणीचा अंदाज होता 10.1 कोटी मधुमेही आणि 13.6 कोटी त्याच्या उंबरठ्यावरचे. मग सगळ्यांनीच सेन्सर का लावू नये? कारण निदानासाठी उपाशीपोटीची साखर आणि एचबीए1सी पुरते. काहीशे रुपयांत, कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये. आपल्याकडे अडचण तपासणीची साधने तोकडी असण्याची नाही, लोक तपासायलाच जात नाहीत ही आहे. न जाणाऱ्याच्या दंडावर चार-पाच हजारांची चकती तरी कोण लावणार?

किंमत उतरेल, असे म्हणतात. उतरेलही. अमेरिकेत मार्च 2024 मध्ये चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या सेन्सरला परवानगी मिळाली, म्हणजे बाजार त्याच दिशेने चालला आहे. पण आजच्या भावाने वर्षाचे 26 सेन्सर लाखाच्या वर जातात आणि हा बोजा टाइप 1 च्या मुलाच्या आईबापांवर पडतो. एखाद्या सरकारी योजनेत किंवा विम्यात सेन्सर बसवायचा झाला तर पहिला क्रमांक त्या मुलांचा लागला पाहिजे, मग इन्सुलिनवरच्या गरोदर बायकांचा, मग साखर नकळत उतरणाऱ्या वृद्धांचा. माझा नंबर बराच मागे. औषध बदलले किंवा एचबीए1सी चढले की मी एक सेन्सर लावते, चौदाव्या दिवशी अहवाल डॉक्टरांना दाखवते. एरवी ग्लुकोमीटर आणि पट्ट्यांचा डबा पुरतो.