सुदुंबऱ्याची शिदोरी

‘खाईन तर तुपाशीं, नाहीं तर उपाशीं’ ही म्हण हट्टी माणसास उद्देशून कोणी केली असेल ती असो. आपल्यासारख्या घरांतून ती पुष्कळदां अक्षरशः पाळली जात आली आहे. पानावर भात-वरण आलें, लिंबाची फोड आली आणि वरून तुपाची धार पडली, कीं मगच हातांत आपोष्णी घ्यावयाची, हा आपला परिपाठ. त्या तुपास अन्नशुद्धि असेंच नांव आहे. ज्या भातावर तूप पडलें नाहीं तो भात जणूं अजून अन्नच झाला नाहीं, ही भावना फार जुनी आहे आणि तिला हंसण्याचें कांहींच कारण नाहीं.

परंतु अलीकडे याच घरांतून एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. एखादा शिकलेला मुलगा, एखादी नवी सून किंवा परदेशाहून सुटीस आलेली नात सांगते, कीं आपण दूध, दहीं, तूप, फार काय मधही सोडला आहे. जनावरापासून मिळणारें कांहींच खावयाचें नाहीं, असा या मंडळींचा नेम. यास ‘वीगन’ हा शब्द आतां आपल्याकडेही रूढ झाला आहे. १९४४ सालीं इंग्लंडांत डोनाल्ड वॉटसन व त्यांचे सहकारी यांनीं दूध व अंडीं वर्ज्य करणाऱ्या शाकाहारी मंडळींची निराळी संस्था काढली, तेव्हां तो जन्मास आला. शब्द तिकडचा असला तरी त्याची झळ लागते ती आपल्या स्वयंपाकघरास. अशा माणसासाठीं निराळें पातेलें चढतें, निराळी वाटी मांडली जाते आणि भरल्या पंगतींत एक माणूस एकटें जेवूं लागतें. आमच्या मतें या प्रश्नांतील खरें दुःख आहे तें या एकटेपणाचें.

आमच्या घरीं धाकट्या सूनबाईंनीं हा नेम घेतल्यास दोन वर्षें झालीं. गेल्या मार्गशीर्षांत आम्हां चौदा मंडळींचें सुदुंबऱ्यास जाण्याचें ठरलें, तेव्हां शिदोरी सर्वांस एकच चालेल अशी करावी, असें घरांतील वडील माणसांनींच सुचविलें. आणि ज्या गांवीं जावयाचें तें गांवही या विचारास मोठें अनुरूप निघालें.

सुदुंबरें हें मावळ तालुक्यांतील लहानसें गांव. पुण्याहून लोकलनें तळेगांव दाभाडें गाठावें, तेथून चाकणच्या रस्त्यास लागावें, कीं इंदोरी येते, तुकोबांच्या एकांतवासानें पुनीत झालेला भंडाऱ्याचा डोंगर दृष्टीस पडतो आणि पुढें सुदुंबऱ्याची वाट लागते. हा रस्ता आतां चाकणच्या कारखान्यांच्या मालमोटारींनीं अहोरात्र गजबजलेला असतो. परंतु गांवाच्या वाटेस वळलें, कीं सुधा नदीच्या आश्रयानें वसलेला जुना मावळ पुन्हा भेटतो. भातें कापून झालीं होतीं आणि खाचरांतून धसकटें तेवढीं उभीं होतीं. आज घरोघर आवडीनें खाल्ला जाणारा इंद्रायणी तांदूळ याच तालुक्यांतील वडगांवच्या कृषि संशोधन केंद्राची देणगी होय. तो शिजला, कीं मऊ व किंचित् चिकट होतो. त्यास ओलावा आणावयास तुपाची फारशी गरज पडत नाहीं, हें स्वयंपाक करणाऱ्या भगिनींस सांगावयास नको.

गांवाची कीर्ति आहे ती संत संताजी जगनाडे यांच्या समाधीमुळें. संताजींचा जन्म १६२४ सालीं चाकण येथें झाला. त्यांचा पिढीजात धंदा तेल गाळण्याचा. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांपैकीं ते एक, आणि तुकोबांच्या मुखांतून निघालेले अभंग कागदावर उतरवून घेणारे म्हणून साऱ्या महाराष्ट्रावर त्यांचे उपकार आहेत. त्यांच्या हातच्या म्हणून जपलेल्या वह्यांवरून विनायक लक्ष्मण भावे यांनीं गेल्या शतकांत गाथा छापली. २००९ सालीं टपाल खात्यानें संताजींच्या नांवें तिकीटही काढलें. त्यांच्या अंतकाळाची कथा गांवोगांव सांगतात. त्यांस मूठमाती देतांना कितीही माती लोटली तरी मुख झांकेना. तेव्हां दिलेल्या वचनाप्रमाणें तुकोबा वैकुंठाहून आले आणि त्यांनीं तीन मुठी माती घातल्यावरच तें झांकलें. मार्गशीर्ष वद्य त्रयोदशीस येथें पुण्यतिथीचा मोठा मेळा भरतो. आम्ही त्याच्या आधींच्या आठवड्यांत, गर्दी टाळून गेलों होतों.

समाधीपुढें हात जोडून उभें असतां एक गोष्ट मनास टोंचल्यावांचून राहिली नाहीं. तेल्याच्या घरचें तेल आपल्या पूर्वजांस चालत असे. देवाचा दिवा त्यावर जळे, लोणचें त्यांत मुरे. तेल्यानें लिहून घेतलेला अभंग कीर्तनांत चाले. परंतु त्याच तेल्याच्या चुलीवरची भाकरी मात्र चालत नसे. आणि या रेषा आंखण्यांत दुधातुपाचा हातभार मोठा होता. पाण्यांत भिजविलेली भाकरी खरकटी, पण दुधांत भिजविलेली दशमी प्रवासांत निर्वेध चालावयाची, हा नियम वडीलधाऱ्यांस आठवत असेल. दूध हें अन्नास सोवळें करी, आणि तें सोवळें माणसास माणसापासून दूर बसवी. ज्यांच्या दारीं दुभतें नव्हतें त्या बहुसंख्य मराठी घरांतून मात्र भाकरी, चटणी आणि वर तेलाचा थेंब हेंच रोजचें जेवण होतें. आज ज्यास आपण नवें खूळ म्हणतों, तें ताट मावळांत आणि देशावर कैक पिढ्या नाइलाजानें का होईना, पण मांडलें गेलेलें आहे.

तेली म्हटला, कीं कोंकणांतील बेने इस्रायल समाजाची आठवण होते. कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड जिल्ह्यांत तेल गाळून राहणारे आणि शनिवारीं घाणा बंद ठेवणारे म्हणून लोक त्यांस शनिवार तेली म्हणत. त्यांच्या धर्मांत मांस व दूध एका जेवणांत चालत नाहीं. त्यामुळें कालवणापासून गोडधोडापर्यंत नारळाच्या दुधाचा उपयोग त्यांच्या मराठी बोलणाऱ्या गृहिणींनीं फार कौशल्यानें केला. एलियाहू पैगंबराच्या नांवें ते जो मलिदा करतात, तो पोहे, ओलें खोबरें, गोडी आणि फळें यांचा असतो. आणि तो घरीं जमलेल्या सर्वांस वांटावयाचा असतो. दुधाच्या थेंबावांचून मंगलकार्याचा प्रसाद होऊं शकतो, याचें इतकें जवळचें उदाहरण आपल्याच मुलुखांत आहे.

आतां घाण्याविषयीं दोन शब्द. उखळासारख्या जाड खोडांत तीळ किंवा करडई घालावयाची, त्यांत लांकडी लाट फिरावयाची, आणि ती फिरविण्यासाठीं डोळ्यांवर झांपड बांधलेला बैल दिवसभर त्याच वर्तुळांत चालावयाचा. तेव्हां तेल हें जनावराच्या कष्टांपासून मुक्त होतें, असें म्हणतां येणार नाहीं. उरलेली पेंड गाईम्हशींपुढें जाई. गाईचा गोऱ्हा पुढें घाण्यास वा नांगरास जुंपला जाई. दूध, तेल आणि शेत हीं एका दाव्यानें बांधलेलीं होतीं. १९३४ सालीं वर्ध्यास ग्रामोद्योग संघ निघाला, तेव्हां मगनवाडींत याच घाण्याची सुधारणा करण्यांत आली. आज लांकडी घाणा पुन्हा शहरांत आला आहे, पण तो विजेवर फिरतो. नांगराच्या जागीं ट्रॅक्टर आला. त्यामुळें गोऱ्ह्यास काम उरलें नाहीं, आणि दुधाची मागणी मात्र वाढत गेली. १९७० सालीं सुरूं झालेल्या दुग्धविकासाच्या योजनेनंतर आपला देश दुधाच्या उत्पादनांत जगांत पहिला झाला. त्यानें लाखों शेतकऱ्यांच्या घरीं रोजचा पैसा आला, हें खरेंच. पण कामाविना जन्मलेल्या त्या गोऱ्ह्याचें पुढें काय होतें, हा सूनबाईंचा प्रश्नही तितकाच खरा आहे. आणि त्यास घरांतील कोणाजवळ सोपें उत्तर नाहीं.

शिदोरी सोडली ती देवळापासून कांहीं अंतरावर, झाडाच्या सांवलींत. तीळ थापलेल्या बाजरीच्या भाकऱ्या, भरलीं वांगीं, मटकीची उसळ, पंचामृत आणि गुळाच्या पोळ्या एवढा बेत होता. पंचामृत म्हटल्यावर वाचकांस दूध-दह्याचें तीर्थ आठवेल. पण सणाच्या पानांत डाव्या बाजूस वाढतात तें पंचामृत तिळाचें कूट, दाण्याचें कूट, खोबऱ्याचे काप, मिरच्या, चिंच व गूळ यांचें असतें; त्यांत दुधाचा स्पर्शही नाहीं. गुळपोळीच्या गुळांत तेलांत खमंग भाजलेलें डाळीचें पीठ व तिळाचें कूट घालावयाचें, आणि कणकेस कडकडीत तेलाचें मोहन द्यावयाचें, हा तर आपल्या आजीपणजींचाच पाठ आहे. म्हणजे निराळें असें कांहींच करावें लागलें नव्हतें. वीगन कोण आणि कोण नाहीं, हें त्या पानांकडे पाहून ओळखतां आलें नसतें.

शेजारीं विदर्भाकडून दर्शनास आलेलें एक कुटुंब बसलें होतें. त्यांचा घरचा घाणा होता, आतां विजेवर चालणारा. बोलतां बोलतां दोन्ही शिदोऱ्या एकत्र झाल्या. त्यांच्या ज्वारीच्या भाकरी व जवसाची चटणी इकडे आली, आमच्या पोळ्या तिकडे गेल्या. त्यांच्यांतील आजीबाईंनीं लहानशी बाटली काढली आणि आमच्या आत्याबाईंच्या पानांतील चटणीवर कच्च्या तेलाची धार धरली.

“घ्या माय, आपल्याच घाण्याचं हाय,” त्या म्हणाल्या.

आमच्या आत्याबाईंचें वय ब्याऐंशीं. तरुणपणीं परक्या घरचें पाणीही न घेतलेल्या. त्यांनीं चटणी कालविली, घास घेतला, आणि थोड्या वेळानें पान पुढें करून म्हटलें, “अजून थोडं घाला हो. तिळाचं दिसतंय.” यापलीकडे कोणी कांहीं बोललें नाहीं. सूनबाई मात्र भाकरी मोडतां मोडतां क्षणभर थांबल्या होत्या, तें आमच्या दृष्टीस पडलें.

परततांना गाडींत वाद झालाच. “दह्यावांचून काला कसला?” हा आत्याबाईंचा आक्षेप. तो मोलाचा आहे, कारण वारकऱ्यांच्या काल्यांत दहीं असतेंच. पण काल्याचें मर्म दह्यांत आहे, कीं सर्व गोपाळांच्या शिदोऱ्या एकत्र कालविण्यांत, याचा विचार ज्याचा त्यानें करावा. देवाच्या नैवेद्याचें म्हणाल तर गूळ-खोबरें हा आपला सर्वांत साधा नैवेद्य, आणि तो कोणत्याही देवानें आजवर नाकारलेला नाहीं.

दुसरा आक्षेप प्रकृतीचा. त्याकडे दुर्लक्ष करूं नये. महात्मा गांधींनीं १९१२ सालीं दूध सोडलें, परंतु पुढें कठीण दुखण्यांतून उठतांना त्यांस शेळीचें दूध घ्यावें लागलें, आणि त्याची रुखरुख त्यांस कायम राहिली. त्या काळीं ब-१२ हें जीवनसत्त्व कोणास ठाऊक नव्हतें. तें १९४८ सालीं वेगळें काढण्यांत आलें. वनस्पतींच्या अन्नांत तें भरंवशानें मिळत नाहीं. म्हणून दूध सोडणारानें वैद्यकीय सल्ल्यानें त्याची गोळी घेतलीच पाहिजे. मुलें, गर्भवती व वृद्ध यांच्या बाबतींत तर अधिकच जपावें. चुन्याचा अंश मात्र नाचणी व तीळ यांतून चांगला मिळतो. शंभर ग्रॅम नाचणींत तो सुमारें साडेतीनशें मिलिग्रॅम असतो. डाळी, उसळी व शेंगदाणे हीं तर आपल्या घरीं नित्याचींच आहेत.

यावरून एकत्र कुटुंबांतील गृहिणींस एक सोपी वाट सुचवावीशी वाटते. तूप पातेल्यांत घालूं नये, पानांत वाढावें. आपली जुनी रीत पाहिली तर ती बहुतांशीं अशीच आहे. आमटीची फोडणी तेलाची, पुरणाची पोळी तेलावर लाटलेली, आणि तूप शेवटीं वरून वाढलेलें. ज्यास हवें त्यानें घ्यावें, ज्यास नको त्यानें पानावर आडवा हात धरावा. कणीक दुधांत भिजवूं नये. कोशिंबिरींत दह्याऐवजीं दाण्याचें कूट व लिंबू घालावें, आणि दहीं वाटींत निराळें ठेवावें. पुरणपोळीबरोबर एकास दूध तर दुसऱ्यास नारळाचें दूध द्यावें. असें केलें, कीं पातेलें एकच राहतें आणि कोणाच्याही नेमास धक्का लागत नाहीं. तूप खाणारास उपदेश ऐकावा लागत नाहीं, न खाणारास एकटें बसावें लागत नाहीं. नेम घेणारानेंही दुसऱ्याच्या वाटींत डोकावूं नये, एवढें पथ्य सांभाळावें.

ज्या समाजानें एके काळीं अन्नाच्या नियमांनीं माणसें दूर बसविलीं, त्याच समाजाच्या घरांत आतां अन्नाचा एक नवा नियम आला आहे. त्यानें पुन्हा एखादें माणूस दूर बसूं नये, एवढें पाहणें आपल्या हातीं आहे. संक्रांत जवळ आली आहे. तीळ आणि गूळ हे सर्वांस चालतात. आरंभ तेथूनच करावा.